खालच्या शाखेचा अर्ज

आकांक्षाने भाकरीचा तुकडा वरणात बुडवता बुडवता सांगितलं, की तिला कॉम्प्युटर सोडून मेकॅनिकलला जायचंय. आवाज असा, की जणू उद्या दळण टाकून यायचंय. काकासाहेबांचा घास होता तिथेच थांबला. वर येईना, खाली जाईना. उषाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि नवऱ्याच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या.

"उलटं बोलली तू," घास उतरल्यावर काकासाहेब म्हणाले. "मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरला जायचं, असं म्हणायचं असंल तुला."

"मी कॉम्प्युटरलाच हाये ना पप्पा."

"तेच तर म्हणून राह्यलो. मंग सोडती कामून?"

"आवडत न्हाई."

आता कारलं आवडत नाही हे समजू शकतं. काकासाहेबांना स्वतःला दोडका आवडत नव्हता, आणि उषाबाई तो आठवड्यातून एकदा करायच्याच. पण शाखा आवडत नाही, हे कारण त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. बदनापूरहून सकाळच्या गाडीने जायचं, मक्या-कापसाच्या थैल्या मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या, संध्याकाळच्या गाडीने यायचं. हे तुम्हाला आवडतं का, असं त्यांना कंपनीने विचारलं नव्हतं, बायकोने विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. संध्याकाळी मारुतीच्या मंदिरात टाळ गळ्यात अडकवला की दिवस गोड व्हायचा. माणसाला आणखी काय लागतं?

आणि कॉम्प्युटर म्हणजे काही नुसती शाखा नव्हती, तो दागिना होता. पोरीला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाल्यापासून काकासाहेब स्टेशनावर उतरले की पानवाला आपणहून रामराम घालायचा. गल्लीतल्या लोकांचे मोबाईल अडकले की ते आकांक्षाकडे यायचे, प्रिंटर यायचे, एकदा तर एका आजीबाईंनी टीव्हीचा रिमोट आणून दिला आणि कानाच्या मशीनचंही बघून ठेव म्हणाल्या. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं, ही गोष्ट काकासाहेबांनी गल्लीत कधी फोडली नव्हती. देवाच्या दारी त्याला खोटं म्हणत असतील की नाही कोण जाणे. पण नुसतं गप्प बसल्याने चार माणसांना आनंद होत असेल, तर गप्प बसावं, असं त्यांचं मत होतं.

बिघडवलं ते कॉलेजच्या वर्कशॉपने. तिथे पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरांना लोखंडाचा एक तुकडा देतात आणि कानशीने घासून चारी बाजू सरळ करायला लावतात. बाकीची पोरं तो तुकडा शिव्या देत घासतात, सरांना दाखवतात आणि विसरतात. आकांक्षाने तो ओढणीत गुंडाळून घरी आणला. उषाबाईंनी कौतुक केलं आणि मागच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवला. तेव्हा पोरीने तोंड असं केलं, की जणू आईने देवघरातला बाळकृष्ण दाराला लावला. पुढे सुट्टीत ती एकदा बापाचा डबा घेऊन कंपनीत गेली. बियाणं चाळायचं मोठं यंत्र चालू होतं. बारीक दाणा इकडे, जाड दाणा तिकडे, पोचट दाणा खाली. पोरगी तिथे उभी राहिली ती राहिलीच. काकासाहेब दुपारभर उपाशी, आणि डबा पोरीच्या हातात, यंत्रापुढे.

त्याच वेळी ओळखायला पाहिजे होतं. पण बापाला पोरीच्या बाबतीत सगळं शेवटी कळतं. आधी कळतं ते शेजाऱ्याला.

शेजारी म्हणजे भुजंगराव. दोन्ही घरांची भिंत एक, त्यामुळे घास अडकला हेही त्यांना ऐकू गेलं असणार. पत्र्यांचं आणि सळयांचं दुकान होतं त्यांचं. लोखंडावर घर बांधलं, लोखंडावर गाडी घेतली, लोखंडावरच मोठ्या पोरीचं लग्न लावलं. पोरगा बिभीषण आकांक्षाच्याच कॉलेजात, तिच्याच वर्षात, मेकॅनिकलला. काकासाहेबांचं हात धुणं व्हायच्या आत भुजंगराव ओट्यावर येऊन बसले.

"काकासाहेब, माझं काही म्हणणं न्हाई," ते म्हणाले. भुजंगरावांचं म्हणणं नेहमी इथूनच सुरू व्हायचं. "पण पोरीच्या जातीनं मेकॅनिकल करायचं म्हंजे बिलकुल चूक. उद्या बायोडाट्यात काय लिहितान? स्वयंपाक येतो, वेल्डिंग येतं?"

"मी तेच सांगून राह्यलो तिला."

"अन् नोकरी कुठं? आपल्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमधी. भट्टीपुढं. काळी पडंल पोरगी. कॉम्प्युटरवाले बघा, एसीत बसून राह्यले. आमचा बिभीषण डोकं आपटून राह्यला की मला कॉम्प्युटरला जायचं, पण जागा एक रिकामी होईना. अन् तुमची हातची सोडून राह्यली."

काकासाहेबांना बरं वाटलं. आपलं दुःख दुसऱ्याने नीट मांडलं की निम्मं हलकं होतं, कीर्तनात रडू येतं ते त्यामुळेच.

पण सकाळी, काकासाहेब गाडी गाठायला निघाले, तर भुजंगराव दारात उभे. डोळे लाल. रात्रभर झोप नसावी.

"मी विचार केला," ते म्हणाले. "पोरीचं मन मोडू नका."

"काल तर तुम्ही—"

"कालचं सोडा. काल मी पोट भरून आल्तो, डोकं चालत नव्हतं. मेकॅनिकल म्हंजे सदाबहार, काकासाहेब. कॉम्प्युटर आज हाये, उद्या न्हाई. लोखंड कधी जातं का कुठं? माझ्याकडं बघा."

काकासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि सगळं बराबर कळलं. आकांक्षा उठली तर कॉम्प्युटरची एक जागा रिकामी होणार, आणि त्या जागेवर बिभीषणाचं डोकं आपटणं थांबणार. त्या दिवसापासून भुजंगरावांच्या घरून वाटी भरून काहीतरी यायला लागलं. कधी थालीपीठ, कधी शेंगदाण्याची चटणी, आणि प्रत्येक वाटीबरोबर मेकॅनिकलच्या भवितव्याविषयी एक नवी बातमी. उषाबाई वाट्या ठेवून घ्यायच्या आणि बातम्या परत पाठवायच्या.

शेवटी एक दिवस रजा टाकून काकासाहेब पोरीबरोबर कॉलेजात गेले. गेले ते एका आशेवर. सरकारी असो की खासगी, कचेरी म्हटली की ती काहीतरी अडवणारच, आणि आपल्याला नाही म्हणावं लागणार नाही. बापाने आपल्या तोंडाने नाही म्हणायचं नसेल तर त्यासाठी देवाने खिडकीतला बाबू निर्माण केला आहे.

बाबूंनी अर्ज पुढे ओढला. "कोणत्या शाखेतून?"

"कॉम्प्युटर," आकांक्षा म्हणाली.

"कोणत्या शाखेत?"

"मेकॅनिकल."

बाबूंनी लिहिलं, आणि मान हलवली. "कॉम्प्युटरला जागा न्हाई बाई. पहिलेच रांग हाये."

"मला मेकॅनिकलला जायचंय, सर."

"मेकॅनिकलला तर तू हायेसच."

"न्हाई. मी कॉम्प्युटरला आहे."

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपण लिहिलेलं वाचलं तेव्हा त्यांना दिसलं, की त्यांनी ते सवयीने उलटं लिहिलं होतं. खोडून नीट लिहिलं. मग समोरच्या पडद्यावर बटणं दाबली. पडदा ऐकेना.

"हे घेत न्हाई," ते म्हणाले. "वरच्या शाखेत जायचा अर्ज हाये. खालच्या शाखेत यायचा अर्जच न्हाई. आजपर्यंत कुणी मागितलाच न्हाई."

एव्हाना काकासाहेबांनी हात जोडून, बरं झालं, म्हणून निघायला हवं होतं. त्यासाठीच आले होते. पण माणसाचा मान ही चमत्कारिक वस्तू आहे. कुठे दुखावेल सांगता येत नाही.

"खालची म्हंजे?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे खालची. मेकॅनिकल."

"खालची कशी? माझी पोरगी खाली जाऊन राह्यली असं म्हणायचं का तुम्हाला?"

"तसं न्हाई काका, मागणीच्या हिशेबानं—"

"मागणीचं मला सांगू नका. मी बियाण्याच्या स्टोअरला हाये. ज्याला मागणी जास्त ते बियाणं वरचं, असं धरलं असतं ना, तर निम्म्या जालना जिल्ह्याचा पेरा वाया गेला असता. ज्या जमिनीला जे लागतं ते वरचं. तुमची ही खिडकी कशावर उभी हाये? गजावर. गज कुणी केला? कॉम्प्युटरनं?"

मागे रांगेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. आकांक्षा बापाकडे बघत राहिली. आपण कुणाच्या बाजूने भांडून राह्यलो हे काकासाहेबांच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. आवाज ऐकून मेकॅनिकलचे विभागप्रमुख बाहेर आले होते. कुणीतरी आपणहून त्यांच्या शाखेत येतंय, आणि तेही चांगल्या मार्कांचं, हे कळल्यावर त्या सज्जन माणसाने आधी खुर्ची रुमालाने पुसली, मग काकासाहेबांना बसवलं, मग चहा मागवला. ते म्हणाले, माझ्या नोकरीत हे पहिल्यांदा बघतोय. त्यांचे डोळे थोडे ओले झाल्यासारखे वाटले, पण चहाची वाफही असेल.

अर्ज त्यांनी हाताने लिहून घेतला. आता फक्त पालकांची संमती हवी. समक्ष, सहीनिशी. गोकुळाष्टमीची सुट्टी संपली की पहिल्या कामाच्या दिवशी. नंतर घेणार नाहीत.

"आत्ताच करता का सही?" विभागप्रमुखांनी पेन पुढे केला.

काकासाहेब पेनाकडे बघत म्हणाले, "विचार करून सांगतो."

येताना गाडीत आकांक्षा खिडकीशी बसली. बदनापूर येईस्तोवर ती एकच वाक्य बोलली. "खिडकीत तुम्ही लई छान बोलले पप्पा." काकासाहेबांना त्यापेक्षा तिने भांडण केलेलं परवडलं असतं.

तिकडे मंदिरात अष्टमीचा सप्ताह बसला होता. रोज संध्याकाळी कीर्तन, आणि शेवटच्या संध्याकाळचं आणि दुसऱ्या दिवशीच्या काल्याचं कीर्तन रामप्रसाद महाराजांचं. ज्याने रामप्रसाद महाराजांना ऐकलं नाही त्याला काय सांगावं? आवाज असा, की अभंगाची पहिली ओळ उचलली की मंडपातल्या पंख्यांनीही चाल धरावी. हसवता हसवता असं काही काळजात टोचायचे, की माणूस घरी जाऊन भावाला फोन करायचा. काकासाहेबांची त्यांच्यावर एवढी श्रद्धा, की महाराजांनी मागे एकदा व्यासपीठावरून तंबाखू सोडा म्हटलं, तर यांनी त्याच क्षणी सोडली. खरं म्हणजे यांना तंबाखूचं व्यसन नव्हतंच, पण एखादी चिमूट कधी घेतली असती तीही गेली.

आमच्या भागात ज्या गोष्टीचा निकाल घरात लागत नाही ती महाराजांपुढे जाते. बांध असो, सोयरीक असो, की भावाभावातला अबोला. महाराज व्यासपीठावरून बोलले की दोन्ही बाजूंना मान खाली घालायला जागा मिळते. कुणी हरत नाही. काकासाहेबांनी ठरवलं, आपण नाही म्हणायचं नाही, महाराजांकडून म्हणवायचं. पोरीला वाईट वाटणार नाही, आणि आपलं काम होईल.

अष्टमीच्या दिवशी महाराजांचा उपवासाचा फराळ काकासाहेबांकडेच होता. महाराज दुपारी आले ते दोन गावं करून, घामेजलेले, आणि फोन सारखा वाजत होता. लोडाला टेकून त्यांनी चहा घेतला. काकासाहेब पायाशी बसले.

"महाराज, एक विनंती हाये. पोरगी इंजिनिअरिंगला हाये. शाखा बदलायचं म्हणून राह्यली. तुम्ही आज कीर्तनात दोन शब्द सांगा. जे धरलं ते सोडू नये, अशा अर्थाचं."

"कोणत्या शाखेला आहे लेक?"

इथे काकासाहेबांचा कणा वाकला. कॉम्प्युटर सोडून मेकॅनिकल, हे महाराजांसमोर, सोबत आलेल्या टाळकऱ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने कसं सांगावं? लोक काय म्हणतील?

"आता तुम्हाला काय सांगू महाराज," ते म्हणाले. "आजकालची पोरं. तुम्हाला तर माहीत हाये."

महाराजांना माहीत होतं. ते ज्या ज्या गावात जात त्या त्या गावात पोरं मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरकडे पळत होती. "समजलं," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. त्यांचा फोन परत वाजला.

संध्याकाळी मंडप भरला. बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे. आकांक्षा आईजवळ बसली होती, मान खाली. व्यासपीठावर महाराज, आणि मागे टाळकऱ्यांच्या रांगेत अगदी महाराजांच्या खांद्यामागे काकासाहेब. निष्ठेचा अभंग निघाला. काकासाहेब मनात म्हणाले, पांडुरंगा, तूच.

महाराजांनी आधी पतिव्रतेची निष्ठा सांगितली, मग चातकाची सांगितली, आणि मग आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की मंडप पुढे सरकतो.

"आता एक आजची गोष्ट सांगतो माउली. लोखंडाला हलकं समजू नका. देवाच्या बोटावर चक्र आहे. ते कशाचं आहे? कॉम्प्युटरचं नाही."

मंडप हसला. काकासाहेबांच्या हातातल्या टाळाची दोरी सैल झाली.

"नांगराचा फाळ बघा. विहिरीवरची मोटर बघा. तुमच्या चुलीवरचा तवा. माझ्यामागं हे टाळ वाजतात, सगळं धातूचं. घणाचे घाव सोसले म्हणून देवाच्या दारात उभं राहायला मिळालं." टाळ काशाचा असतो, लोखंडाचा नसतो, हे महाराजांनाही माहीत होतं. पण कीर्तनात अशी दुरुस्ती करायची नसते. "आणि आमची लेकरं म्हणतात, मला नको लोखंड, मला बटण दाबायचंय. या तुमच्या गल्लीत काकासाहेबांची लेक आहे. हुशार आहे. बाई, तुला सांगतो, मेकॅनिकलचा हात धरलास ना, तो सोडू नको. लोक हसतील. हसू दे. ज्याने विश्वाचं हे एवढं मोठं यंत्र फिरवलं, तो तुझं एक यंत्र अडू देणार नाही. बोला, विठ्ठल विठ्ठल."

आणि हात वर केला. म्हणजे टाळ.

काकासाहेबांना टाळ वाजवावाच लागला. महाराजांचा हात वर गेला आणि टाळकऱ्याने वाजवलं नाही, असं त्या मंडपात कधी झालं नव्हतं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाविरुद्ध, जोरात, आणि महाराजांच्या अगदी खांद्यामागून. आणि वाजवता वाजवता त्यांची नजर बायकांच्या बाजूला गेली. आकांक्षाने मान वर केली होती. पोरीने चेहरा तसाच केला होता, जसा लहानपणी जत्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसवलं तेव्हा केला होता. भीती आणि हसू, दोन्ही एकदम.

मंडपात कुजबूज झाली. काकासाहेबांची पोरगी तर कॉम्प्युटरला, मग महाराज मेकॅनिकल म्हणाले कसे? भुजंगरावांनी ताबडतोब निकाल दिला. "महाराजांनी पोरीच्या मनातलं ओळखलं. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच न्हाई. अंतर्ज्ञान म्हणतात ते हेच." घटकाभरात तो चमत्कार मंडपाच्या शेवटच्या सतरंजीपर्यंत पोहोचला. एका म्हातारीने आकांक्षाच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडून अलाबला घेतली.

रात्री फराळाला बसल्यावर काकासाहेब ताटाला हात लावीनात. महाराजांनी विचारलं, काय झालं? मग सगळं सांगावंच लागलं. उषाबाई वाढता वाढता ऐकत होत्या, आकांक्षा भगर आणून देत होती.

महाराजांनी हात ताटातच धरला. "म्हणजे लेक कॉम्प्युटरला आहे. आणि तिला मेकॅनिकल पाहिजे."

"व्हय महाराज."

"आणि तुम्हाला मेकॅनिकल नको."

काकासाहेबांनी ताट थोडं बाजूला सारलं.

"आणि मी भर मंडपात उलटं बोललो. अरेरे." महाराजांना खरंच वाईट वाटलं. "काकासाहेब, दुपारी तुम्ही नीट सांगायचं. पण चूक माझ्या तोंडून झाली, तर दुरुस्तीही माझ्याच तोंडून झाली पाहिजे. उद्या काल्यात मी सांगतो. व्यासपीठावरचं खोटं मी घरी घेऊन जात नाही."

उषाबाई म्हणाल्या, "महाराज, तुम्ही खोटं कुठं बोलले? यांच्या मनातलं न्हाई बोलले, एवढंच."

फराळ आटोपला. महाराज मंदिरात निजायला गेले. आकांक्षा ताटं उचलत होती. ती म्हणाली, "पप्पा, उद्या महाराजांनी कॉम्प्युटर म्हटलं ना, तर मी कॉम्प्युटरच करीन. मंग तुम्ही सही करू नका. तुम्हाला गल्लीत खाली बघावं लागंल असं मी न्हाई करणार."

आणि ताटं घेऊन मोरीकडे गेली. रडली नाही, आपटली नाही. नळ सोडला आणि घासायला लागली. काकासाहेब बसल्या जागी बसून राहिले. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. कीर्तनात सांगतात ना, की देव कधी कधी मागितलेलं देतो आणि मग माणूस ते हातात घेऊन बसतो, ठेवावं कुठे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी काला. मंडपावर दहीहंडी बांधलेली, लाह्यांचा वास, उकाडा. महाराज उभे राहिले. गोपाळांचं वर्णन झालं, यशोदेने उखळाला बांधलं ते झालं. मग महाराज थांबले आणि त्यांनी घसा साफ केला.

"माउली, काल या व्यासपीठावरून माझ्याकडून एक बोलणं—"

खणणण.

टाळ वाजला. एकच. काकासाहेबांचा.

आता हे काय झालं ते ज्यांना कीर्तनाची सवय नाही त्यांना सांगितलं पाहिजे. महाराज बोलत असताना, त्यांनी खूण केल्याशिवाय टाळकऱ्याने टाळ उचलणं म्हणजे पंगतीत यजमानाच्या ताटातली जिलेबी उचलण्यासारखं आहे. होत नाही. केलं तर पुढच्या सप्ताहात त्या माणसाच्या गळ्यात टाळ दिसत नाही. पण मृदंगवाल्याचा हात सवयीने पडला, बाकीच्या टाळकऱ्यांनी धरलं, वीणेकरी डोलले, आणि मंडप उठला. विठ्ठल विठ्ठल. महाराजांना काही बोलता येईना. तेही थोडा वेळ नाचले. मग हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"तर मी म्हणत होतो, काकासाहेबांच्या लेकीविषयी काल—"

खणणण.

या वेळी भुजंगरावही उठले. भुजंगराव कीर्तनात सहसा खांबाला टेकून बसायचे आणि आरतीच्या वेळी जागे व्हायचे. ते दोन्ही हात वर करून असे नाचायला लागले, की त्यांच्या भक्तीची उषाबाईंनाही शंका आली नाही. काकासाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला नाही. डोळे मिटून ते पावली टाकत राहिले. टाळ एवढा जोरात, की बाजूच्या टाळकऱ्याने कानावर हात ठेवला.

महाराजांनी पुन्हा थांबवलं. या वेळी ते मंडपाकडे वळले नाहीत, मागे वळले. काकासाहेबांकडे बघितलं. काकासाहेबांनी डोळे उघडले. टाळाच्या दोन्ही वाट्या त्यांनी छातीशी घट्ट धरल्या होत्या, वाजवायच्या तयारीत. मग ते हळूच, माईकला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "न्हाई महाराज. कालचंच राहू द्या."

महाराजांनी एकदा बायकांच्या बाजूला बघितलं. आकांक्षाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. उषाबाई लेकीकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या.

"बरं," महाराज माईकमध्ये म्हणाले. "माउली, काय सांगायचं होतं ते मी विसरलो. देवानेच विसरवलं. फोडा हंडी."

पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे सगळ्यांच्या अंगावर उडाले. काल्याचा प्रसाद वाटताना महाराजांनी काकासाहेबांना जवळ बोलावलं. आता बोलणी बसणार म्हणून काकासाहेब मान खाली घालून गेले. महाराजांनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि विचारलं, "सही कधी?"

"उद्या सकाळच्या गाडीनं जातो महाराज."

मग आकांक्षा आली. महाराजांनी तिच्या ओंजळीत दोघांपुरता काला घातला. गल्लीतल्या बायका कान लावून उभ्या होत्या, आता काहीतरी मोठा उपदेश होणार म्हणून.

"बाई," महाराज म्हणाले, "चालत्या मशीनपाशी जाताना ओढणी खोचून जात जा."

वर्कशॉपच्या सरांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, तरी आकांक्षाने पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली. वाकून नमस्कार केला. काकासाहेब मागेच उभे होते. दह्याने सदरा भिजलेला, टाळ अजून गळ्यात.

"ऐकलं का?" ते म्हणाले. "खोचून."

"हो पप्पा."

"अन् केसंही बांधत जा. न्हाई तर अडकतेन."